वाघ्याचं पाणी : दोन फुटी टँकमधल्या एका ऑस्कर माशाची हकीकत

काकूंचा फोन आला तो मासे वाचवण्यासाठी नव्हता. "अगं, ते काचेचं खोकं आता माझ्याच्यानं आवरत नाही. तू नेतेस का? नाहीतर वॉचमनला सांगते, मुठेत सोडून ये म्हणून." नोव्हेंबर २०२३ चा शेवटचा आठवडा होता आणि पुण्यात रात्रीचा गारठा सुरू झाला होता. काकूंचं घर आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे आहे. पाणी तपासायचं टेस्ट किट, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचा मीटर आणि थर्मामीटर पिशवीत टाकून मी त्याच संध्याकाळी गेले.

टँक दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच होता. तळाशी निळे खडे, एक प्लास्टिकचं झाड, मागे समुद्राचं पोस्टर, आणि पाण्याला कोऱ्या चहाचा रंग. त्यात नऊ इंची टायगर ऑस्कर आणि जवळजवळ दहा इंची सकर, म्हणजे तोंडाने काचेला चिकटून राहणारा काळा मासा. टँकची रुंदी बारा इंच आणि मासा नऊ इंच, म्हणजे वळताना ऑस्करची शेपटी दर वेळी काचेला घासणारच. तिची कड झिजून दातेरी झाली होती. अंगाचा रंग काळपट पडला होता आणि पर मिटलेले होते. डोक्यावर, डोळ्यांच्या मागे-पुढे बारीक खड्डे होते : डावीकडे सात, उजवीकडे चार. डाव्या कुशीवर रुपयाच्या नाण्याएवढा खवले उडालेला लाल चट्टा होता. फक्त शेपटीच्या मुळाशी असलेला नारिंगी कड्याचा काळा ठिपका शाबूत होता. याच ठिपक्यावरून या जातीच्या शास्त्रीय नावात 'ओसेलाटस', म्हणजे डोळ्यासारखी खूण असलेला, असा शब्द आला आहे.

काकू त्याला वाघ्या म्हणत. मुलाने २०१७ साली कॉलेजात असताना दोन-दोन इंचांची ही दोन पिल्लं आणली होती. "मासा टाकीच्या मापानेच वाढतो, आणि हा काळा सगळी घाण खाऊन टाकतो," असं दुकानात सांगितलं होतं. २०२१ मध्ये मुलगा नोकरीसाठी जर्मनीला गेला आणि टँक काकूंकडे आला.

मी विचारलं, "काकू, पाणी कधी बदललं होतं?"

"बदलायचं असतं होय? कमी झालं की मी बादलीभर ओतते. आणि रोज सकाळ-संध्याकाळ खायला घालते. एक दिवस उपाशी ठेवला नाही गं मी त्याला."

ते खरं होतं. दोन वर्षं त्या न चुकता लाल गोळ्या घालत होत्या, कधी वर पोळीचा तुकडा. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक माशांची कहाणी अशीच असते. त्यांना कुणी छळलेलं नसतं. कुणीतरी रोज मायेने खायला घातलेलं असतं, पण ते खाणं पचून पुढे पाण्यात काय होतं हे त्या माणसाला कधी कुणी सांगितलेलं नसतं.

पाण्याचे आकडे

तापमान २१.५ अंश. पीएच (पाणी किती आंबट ते सांगणारा आकडा, जितका कमी तितकं आंबट) किटच्या सगळ्यात खालच्या रंगावर, म्हणजे ६ किंवा त्याहून कमी. अमोनिया ४ पीपीएम, म्हणजे दहा लाखांत चार भाग. नायट्राइट शून्य. नायट्रेट १६० च्या पुढे, बाटलीतलं पाणी लालभडक. टीडीएस ९८०. त्यांच्या नळाचं पाणी तपासलं तर पीएच ७.७ आणि टीडीएस १२०.

हे आकडे नीट समजून घेण्यासारखे आहेत, कारण पुढचे सगळे निर्णय त्यांवर ठरले.

टीडीएस एवढा कसा वाढला? वाफ होऊन उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागेच राहतात. वर पुन्हा नळाचं पाणी ओतलं की नवे क्षार येतात, आणि काढून टाकायचं काही नाही. मिठागरात जे होतं तेच, फक्त दोन वर्षांच्या संथ गतीने.

पीएच का पडला? मासा कल्ल्यांवाटे अमोनिया टाकतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. या कामात आम्ल तयार होतं आणि पाण्यातली कार्बोनेटची क्षारता ते खात जातं. पाणी बदलत राहिलं तर ही क्षारता भरून निघते. इथे ती संपली होती. क्षारता संपली की पीएच घसरतो, पीएच घसरला की जिवाणूंचं काम मंदावतं, आणि अमोनिया साचू लागतो.

मग ४ पीपीएम अमोनियात हा मासा जिवंत कसा? अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. अमोनियम हे रूप त्यातल्या त्यात निरुपद्रवी, आणि मोकळा अमोनिया हे विष. पीएच ६ ला, २५ अंश तापमानात, एकूण अमोनियापैकी जेमतेम ०.०६ टक्के भाग विषारी रूपात असतो. पीएच ८ ला तोच भाग ५ टक्क्यांच्या वर जातो, म्हणजे जवळपास शंभर पट. ज्या आंबट पाण्याने वाघ्याची ही दशा केली होती, तेच पाणी त्याला विषापासून झाकूनही ठेवत होतं.

आता समजा, कुणी कळवळून त्या दिवशीच टँक घासला असता आणि अर्ध्याहून जास्त पाणी काढून नळाचं ताजं पाणी भरलं असतं. पीएच तासाभरात वर गेला असता. उरलेल्या अमोनियमचा मोठा हिस्सा मोकळा झाला असता. क्षार एकदम उतरल्याचा धक्का बसला असता तो वेगळाच. मासा रात्रीत गेला असता आणि घरच्यांनी म्हटलं असतं, "बघा, पाणी बदललं म्हणून मेला. होता तसाच बरा होता." ही वाक्यं मी अनेक घरांतून ऐकली आहेत. त्यानंतर त्या घरात पाणी बदलण्याची भीतीच बसते आणि पुढचा मासा पुन्हा त्याच वाटेने जातो. सुटका करणाऱ्या माणसाची घाई माशाच्या जिवावर बेतते, हे मला मनापासून वाटतं आणि म्हणूनच ही हकीकत सविस्तर लिहिते आहे.

पहिले पंधरा दिवस

मी मासे घरी आणले नाहीत. त्याच टँकमध्ये, त्याच पाण्यात ठेवायचं ठरवलं. टँकमध्ये पाणी होतं साधारण ६० लिटर. रोज त्यातलं ५ लिटर काढायचं आणि क्लोरिन घालवलेलं ५ लिटर हळूहळू घालायचं, बस. एक एअर पंप आणि हवेचे बुडबुडे सोडणारे दोन एअर स्टोन लावले. हीटर बसवून तापमान दिवसाला एका अंशाने वाढवत २६ वर नेलं. पाणी गरम केलं की प्राणवायू कमी विरघळतो आणि अमोनियाचा विषारी हिस्साही थोडा वाढतो, म्हणून हवा आधी, हीटर नंतर. अमोनिया शोषायला जाळीच्या पिशवीत झिओलाइटचे खडे टांगले. कोळंबी-शेतीचं सामान विकणाऱ्यांकडे ते स्वस्तात मिळतात. बाजारातल्या साध्या अँटी-क्लोरिनने अमोनिया जात नाही, त्याने फक्त क्लोरिन जातो.

आणि खाणं पूर्ण बंद. खायला घातलेल्या दाण्याचा अमोनियाच होणार होता.

इथे काकू अडून बसल्या. "घरातल्या जिवाला उपाशी ठेवून मी जेवायला कशी बसू?" एवढ्या मोठ्या माशाला आठवडाभर उपास सहज सोसतो, असं मी परोपरीने सांगितलं. त्यांना ते पटलं, पण हाताला काही काम हवं होतं. मग मी त्यांना कल्ले मोजायला शिकवलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून पंधरा सेकंदांत कल्ल्याचं झाकण किती वेळा उघडतं ते मोजायचं आणि कालनिर्णयच्या चौकोनात लिहायचं. दुधाचा हिशेब जिथे लिहितात तिथेच, पेन्सिलीने. पहिल्या दिवशीचा आकडा २६, म्हणजे मिनिटाला १०४. दिवसातून तीनदा त्यांनी हे केलं आणि एकदाही चुकवलं नाही. या प्रकरणातली सगळ्यात भरवशाची नोंद तीच आहे.

पाचव्या दिवशी आकडा २० वर आला, अमोनिया १ च्या खाली. पण कुशीवरचा लाल चट्टा काही केल्या भरत नव्हता. मला वाटत होतं तो हीटरला किंवा खड्याला घासून होत असेल. सहाव्या दिवशी सकाळी सातला काकूंचा फोन. "अगं, रात्री दोनला पाणी प्यायला उठले तर तो काळा वाघ्याच्या कुशीला चिकटला होता. मी काचेवर टकटक केलं तेव्हा सुटला."

सकर! माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. उपाशी सकर रात्री सुस्त पडलेल्या माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडून खातो, हे मी वाचलेलं होतं, एकदा पाहिलंही होतं. मी टॉर्च लावून त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं. काचेला चिकटलेला असताना त्याचं पोट खोलगट दिसत होतं, भरलेलं नव्हतं. डोळेही आत गेलेले. 'घाण खाणारा' म्हणून त्याला कुणी वेगळं खायला घातलंच नव्हतं, आणि विष्ठा कुठलाच सकर खात नाही. त्याला शेवाळ लागतं, भाजी लागते. जगून राहिला होता तो एवढ्यासाठीच, की पाण्यातला प्राणवायू कमी पडला तर वर येऊन हवा गिळण्याची सोय या जातीला आहे.

मध्ये प्लास्टिकच्या जाळीचा आडोसा केला आणि रात्री त्याच्या बाजूला दुधीची एक चकती दोऱ्याने दगडाला बांधून सोडली. दुधी जरा वाफवली की बुडते. सकाळी फक्त सालीचं कडं उरलं होतं. वाघ्याचा उपास चालू असताना याला मात्र रोज एक चकती, आणि उरलेली साल सकाळी लगेच बाहेर.

आठव्या दिवशी टीडीएस ५५० वर आला, पीएच ६.४, कल्ल्यांचा आकडा १८. मग नवव्या दिवशी माझी चूक झाली.

चट्ट्यावर कापसासारखी पांढरी बुरशी दिसली म्हणून मी जाडं मीठ घातलं, लिटरला २ ग्रॅम या हिशेबाने १२० ग्रॅम, दिवसभरात तीन वेळा विभागून. मिठाचं प्रमाण बरोबर होतं. पण झिओलाइटची पिशवी मी काढली नाही. झिओलाइट अमोनियम धरतो तो सोडियम सोडून. पाण्यात सोडियम वाढलं की व्यवहार उलटा होतो. वापरलेला झिओलाइट पुन्हा कामाला आणायचा तर मिठाच्या पाण्यातच बुडवतात, हे मला ठाऊक होतं आणि ऐन वेळी सुचलं नाही. रात्री नऊला काकूंचा फोन : "पंचवीस भरले गं, दोनदा मोजले." जाऊन तपासलं तर अमोनिया पुन्हा २. पिशवी बाहेर काढली, अमोनिया बांधणारं औषध घातलं, सहा तासांच्या अंतराने दोनदा ५-५ लिटर पाणी बदललं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आकडा १९ वर उतरला. पीएच अजून साडेसहाच्या आत होता म्हणून निभावलं. मिठामुळे टीडीएस मीटर तिथून पुढे कामाचा राहिला नाही, आणि पुढचा अंदाज पीएच व कल्ल्यांवर बांधावा लागला. बुरशी मात्र तीन दिवसांत गेली.

अकराव्या दिवशी शिंपल्यांचा धुतलेला चुरा पिशवीत घालून फिल्टरच्या तोंडाशी ठेवला. खाण्याच्या सोड्यानेही क्षारता वाढते, पण ती झटक्यात वाढते. शिंपला आंबट पाण्यात सावकाश विरघळतो आणि पीएच वर आला की आपोआप मंदावतो. त्याच दिवशी वाघ्याला पहिला घास दिला : सोललेल्या कोळंबीचा हरभऱ्याएवढा तुकडा. त्याने तो तोंडात घेतला, टाकला, पुन्हा घेतला. काकू शेजारी उभ्या होत्या. त्यांनी कालनिर्णयवर 'जेवला' असं लिहिलं.

मुक्काम बदलला

सोळाव्या दिवशी पीएच ६.८ होता. तोवर माझ्याकडे चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच असा जुना टँक स्टँडसकट सहा हजारांत मिळाला होता. त्यात साधारण २४० लिटर पाणी मावतं. एकट्या ऑस्करला याहून लहान देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. 'टाकीच्या मापाने वाढतो' या समजुतीत अर्धवट तथ्य आहे म्हणून ती टिकून आहे. लहान टँकमध्ये मासा खुजा राहतो खरा, पण तो जागेचा मान राखून नव्हे, तर साचलेल्या घाणीत वाढ खुंटते म्हणून. नीट वाढवलेला ऑस्कर दीड-दोन वर्षांत दहा-बारा इंचांचा होतो आणि दहा वर्षांच्या पुढे जगतो. वाघ्या सहाव्या वर्षी नऊ इंचांवर अडकला होता.

नवीन टँकचा फिल्टर कोरा होता, म्हणून माझ्या जुन्या टँकमधला तीन वर्षं चालू असलेला स्पंज पाण्यातून न काढता, बादलीतूनच आणून त्यात बसवला. जिवाणू या स्पंजमध्ये असतात. नळाखाली स्वच्छ धुतला की क्लोरिनने ते मरतात, म्हणून तो टँकच्याच पाण्यात नुसता पिळायचा.

दोघांना हलवताना जाळं वापरलं नाही. सकरच्या परांचे काटे जाळ्यात अडकून ताठ बसतात आणि सोडवताना मोडतात. पाण्यातच प्लास्टिकचं घमेलं सरकवून, हाताने वाट अडवत दोघांना त्यात घेतलं, मग झाकणाच्या ड्रममध्ये जुन्याच पाण्यासकट. ऑस्कर उडी मारतो, त्यामुळे झाकण हवंच. घरी आल्यावर ड्रममध्ये बारीक नळीने नव्या टँकचं पाणी चार तास थेंबथेंब सोडलं.

नव्या जागेत वाघ्या कुशीवर आडवा पडला, तळाशी, अगदी गेल्यासारखा. ऑस्कर पाळणाऱ्यांना हे माहीत असतं. जागा बदलली की हे मासे रुसल्यासारखे पडून राहतात. घरातले सगळे घाबरले. मी दिवा बंद ठेवला, काचेला चादर लावली आणि फक्त कल्ले मोजत राहिले : १६, १५, १६. श्वास शांत होता, म्हणून हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी रात्री तो उभा झाला. तिसऱ्या दिवशी त्याने टँकच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक फेरी मारली आणि मध्यावर येऊन थांबला. चार फूट सरळ पोहण्याची वेळ त्याच्यावर आयुष्यात पहिल्यांदाच आली असावी. चौथ्या दिवशी कोळंबी खाल्ली.

विसाव्या दिवशी नायट्राइट अर्धा पीपीएम दिसला. नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात जाऊन प्राणवायू वाहण्याची क्षमता मारतो. मिठातला क्लोराइड त्याची ही वाट अडवतो, म्हणून नव्या पाण्यात लिटरला अर्धा ग्रॅम मीठ मी आधीच घातलं होतं. सत्ताविसाव्या दिवशी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य.

डोक्यावरचे खड्डे

या खड्ड्यांवर पहिल्याच दिवशी औषध सुरू करावं, असं मला दोन-तीन जाणकारांनी सुचवलं होतं. मी थांबले. डोक्याला भोकं पडण्याच्या या आजाराचं एकच कारण सापडलेलं नाही. आतड्यातले सूक्ष्म परजीवी, जीवनसत्त्वांची कमतरता, साचलेलं पाणी, हे सगळं त्यात गुंतलेलं असतं. पाणी तसंच ठेवून दिलेलं औषध दुबळ्या माशावरच उलटतं.

खाणं बदललं. कवचासकट कोळंबी, पाण्यात भिजवून मीठ काढलेला सुका जवळा, कुंडीतलं एखादं गांडूळ, आठवड्यातून एकदा उकडलेल्या मटाराचे दाणे, आणि रोजच्यासाठी बऱ्या प्रतीचे दाणे. लहान जिवंत मासे खायला घालायची हौस अनेकांना असते. मी ती करत नाही. त्यातून रोग येतात, आणि गोल्डफिशसारख्या माशांत बी-१ जीवनसत्त्व नासवणारं द्रव्य असतं.

पाचव्या आठवड्यात पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा दिसली तेव्हा मात्र पशुवैद्यांना फोटो आणि नोंदी दाखवल्या. त्यांनी मेट्रोनिडाझोल हे परजीवींवरचं औषध खाण्यातून द्यायला सांगितलं आणि मात्रा त्यांनीच ठरवली. तोवर मासा जेवत होता म्हणून ते खाण्यातून देता आलं. मार्च उजाडेपर्यंत लहान खड्डे भरले. डोळ्याजवळचे दोन मोठे राहिले, ते आता कायमचेच. कुशीवर खवले आले, पण मूळच्यापेक्षा फिके. लांबी अर्धा इंचही वाढली नाही. रंग मात्र परतला. काळ्यावर नारिंगी पट्टे असे उमटले, की काकू बघायला आल्या तेव्हा दारातूनच म्हणाल्या, "हा दुसराच आणलास ना?" मग काचेजवळ गेल्या, घड्याळाकडे बघून मोजलं आणि म्हणाल्या, "तेरा."

सकरचं काय

त्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही. पोट भरलं तसं त्याने वाघ्याला चिकटणं सोडलं आणि मे महिन्यात आडोसाही काढता आला. पण एवढे दोन मोठे मासे २४० लिटरला जड होतात. आठवड्याला निम्मं पाणी बदलूनही नायट्रेट ४० च्या खाली टिकत नाही. सहा फुटी टँक असलेल्या माणसाच्या शोधात मी आहे. दोन दुकानांनी नकार दिला. लहान सकर विकला जातो, दहा इंची कुणाला नको असतो.

"नदीत सोडून दे, जगेल तो," असं मला आजवर निदान दहा जणांनी सांगितलं. जगेल, हीच तर अडचण आहे. उजनीच्या जलाशयात हेच मासे माजले आहेत. मूळचे दक्षिण अमेरिकेतले, आपल्याकडे आले ते फिश टँकसाठी. अंगावर हाडांचं चिलखत आणि काटे असल्याने जाळी फाडतात, बाजारात त्यांना गिऱ्हाईक नाही, आणि अंडी घालायला काठांत बिळं करतात. भिगवणच्या मच्छीमाराच्या जाळ्यात मरळ किंवा कटला यायचा तिथे हे येतात. काकूंच्या वॉचमनने त्या दिवशी यांना मुठेत सोडलं असतं, तर ते पाणी पुढे भीमेतून उजनीलाच जातं.

तोवर तो माझ्याकडे आहे. रात्री अकराला दिवा मालवला की मी दुधीची चकती सोडते. दुधी काकूंकडून येतो. भाजीतून उरलेली टोकं त्या आठवडाभर फ्रिजमध्ये जमवतात आणि रविवारी पिशवीत घालून पाठवतात. पिशवीवर पेनाने लिहिलेलं असतं : 'काळ्यासाठी'.